पाणी निवळते कसे?



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे हा विषय छापलेला पाहून काही स्नेह्यांनी आम्हांला विचारले, "तुम्ही कामगार चळवळीतले. बोनसवर बोला, महागाईवर बोला. हे गाळाचे आणि निवळीचे काय काढलेत?" प्रश्न रास्त आहे. आम्ही कोणत्याही विद्यापीठाचे पदवीधर नाही. शाळेत अर्धवट राहिलेले शिक्षण पुढे वाचनालयांत आणि कारखान्यांच्या फाटकांवर जमेल तसे पुरे केले. रसायनशास्त्राची पुस्तके आम्ही हाती घेतली ती गरजेपोटी. जलशुद्धीकरण केंद्रांत आणि सांडपाण्याच्या प्रकल्पांत राबणारी माणसे संघटनेत येऊ लागली. त्यांचे गाऱ्हाणे मांडायचे तर त्यांचे काम आधी समजून घेणे प्राप्त होते. ते समजून घेताना जे हाती लागले, ते आज आपणांपुढे ठेवीत आहोत. शास्त्र जितके लागेल तितकेच सांगू. पण जितके सांगू तितके नीट सांगू.

आपली तीन गावे एका नदीच्या आधाराने उभी आहेत. उल्हास नदी सह्याद्रीच्या अंगावरून, राजमाचीच्या बाजूने उतरते आणि कर्जत, नेरळ, वांगणी करीत बदलापुरास येते. उन्हाळ्यातही ती वाहती राहते, याला एक कारण आहे. घाटमाथ्यावरच्या आंध्र तलावाचे पाणी भिवपुरीच्या वीजघरातून वीज निर्माण करून खाली सोडले जाते, ते हिच्याच पात्रात येते. १९२२ सालापासून हा क्रम चालू आहे. बदलापूरच्या बंधाऱ्यावर पाणी उचलून, शुद्ध करून ते बदलापूर-अंबरनाथला दिले जाते. उल्हासनगरची तहान मुख्यतः औद्योगिक विकास महामंडळाच्या बारवी योजनेतून भागते. ते पाणीही जांभूळच्या केंद्रातून शुद्ध होऊन येते. ८ ऑगस्ट १९४९ रोजी जुन्या लष्करी छावणीच्या जागी उल्हासनगरची पायाभरणी झाली. घरदार सिंधमध्ये टाकून आलेल्या सुमारे लाखभर माणसांच्या त्या वस्तीला या नदीचेच नाव देण्यात आले. नाव नदीचे, पाणी नदीचे आणि गाळही नदीचाच, असा आपला संसार आहे.

जून महिना उजाडला, चार सरी पडल्या, की या नदीचा रंग पालटतो. भातखाचरांची माती, डोंगर उतरावरची माती, नवी घरे बांधण्यासाठी उकरलेली माती, सारी पात्रात येते. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली आणि हजारावर प्रवासी सोडवून आणावे लागले, ते दृश्य आपण विसरला नसाल. गाडीच्या चहूबाजूंस जे तपकिरी पाणी पसरले होते, त्याच नदीचे पाणी आपल्या घरच्या हंड्यात येते. मध्ये उभे असते ते फक्त शुद्धीकरण केंद्र.

आता पहिला प्रश्न. चिखलाचे पाणी भांड्यात भरून ठेवले तर वाळू लगेच तळाशी बसते. मग बाकीची माती का बसत नाही? दोन-दोन दिवस ठेवले तरी पाणी ताकासारखे गढूळच राहते. कोणी म्हणेल, कण बारीक म्हणून. हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. कणाचा व्यास निम्मा झाला तर खाली बसण्याचा वेग चौथाईवर येतो, हा स्टोक्सचा नियम आहे. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जाण्यास सुमारे तेरा दिवस घेतो. त्याच्याही दहापट बारीक कणाचा हिशेब साडेतीन वर्षांवर जातो, आणि तो तर पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनीच तरंगत राहतो. परंतु हे कण एकमेकांना चिकटून मोठे का होत नाहीत? पाण्यात त्यांच्या सतत टकरा होत असतात. टक्कर झाली की चिकटावे, चिकटले की जड व्हावे, जड झाले की बसावे. तसे होत नाही, कारण हे कण एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. ही तेढ कशाची?

ती विजेची आहे. आपला सह्याद्री काळ्या बेसॉल्टचा. हा पाषाण हजारो वर्षे झिजून जी चिकणमाती होते, तिचे कण वाटोळे नसतात. वहीच्या पानांसारखे चपटे असतात. काही जातींत एकेक पान मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढे जाड असते. अशा एक ग्रॅम मातीची पाने सुटी करून अंथरली, तर सातशे-आठशे चौरस मीटर जागा व्यापतील. त्या एका चिमटीत या सभागृहाची जमीन झाकली जाईल! प्रत्येक पान सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि प्राणवायू यांच्या थरांचे बनलेले असते. पान घडत असताना ॲल्युमिनियमच्या काही जागांवर मॅग्नेशियम येऊन बसते. चाळीतल्या खोलीचे उदाहरण घ्या. ॲल्युमिनियम हा तीन रुपये भाडे देणारा भाडेकरू. मॅग्नेशियम दोनच देतो. खोली तीच, पण दर महिना एका रुपयाची तूट. अशी तूट जागोजाग पडत गेली की साऱ्या पानावर ऋणभार शिल्लक राहतो. ही तूट पानाच्या जडणघडणीतच असल्याने ती धुऊन जात नाही. पानाच्या कडांची गोष्ट थोडी वेगळी आहे. पाणी आम्लधर्मी असेल तर कडांवर धनभारही येतो. पण नदीच्या साध्या पाण्यात एकंदर हिशेब ऋणाचाच राहतो.

ऋणभाराला ऋणभार दूर लोटतो. शिवाय या पानांभोवती सोडियम, कॅल्शियम अशा धनभारी आयनांचे विरळ धुके जमते. गूई याने १९१० साली आणि चॅपमन याने १९१३ साली या धुक्याचे गणित मांडले. दोन कण जवळ आले की आधी त्यांची धुकी एकमेकांवर आदळतात आणि कण मागे फिरतात. अगदी निकट आल्यावर चिकटविणारी ओढ त्यांच्यात असते, नाही असे नाही; परंतु तिथवर पोहोचण्याआधीच तेढ आडवी येते. गढूळ पाणी गढूळ राहते ते या कारणाने.

ही तेढ मोडण्याचा एक मार्ग निसर्गाने आपल्या नदीच्याच पुढच्या टप्प्यात ठेवला आहे. कल्याणच्या आसपास उल्हास भरतीच्या टापूत शिरते आणि पुढे वसईच्या खाडीने समुद्रास मिळते. समुद्राच्या मिठाने कणांभोवतीचे धुके आकसते, कण एकमेकांना भिडतात, गुठळ्या होतात आणि तळाशी बसतात. खाड्यांतला तो गुडघाभर चिखल साठण्यात या मिठाचा मोठा हात आहे. शुल्झ याने १८८२ साली आणि हार्डी याने १९०० साली याच्यापुढची गोष्ट दाखविली. आयनाचा भार एकाऐवजी दोन, दोनाऐवजी तीन झाला की त्याचे सामर्थ्य दुपटी-तिपटीने वाढत नाही, शेकडो पटींनी वाढते. तीन भारांचा आयन फार थोडा पुरतो. आता आपल्या घरात तीन भारांचा आयन कोणत्या वस्तूत आहे? तुरटीत. आजीने हंड्यात तुरटी फिरविली तेव्हा तिने शुल्झचे नाव ऐकलेले नव्हते, हार्डीचेही नाही. पण हात बरोबर जागी पडला होता.

तुरटी पाण्यात पडली की एवढ्यावर थांबत नाही. तिच्यातल्या ॲल्युमिनियमचा पाण्याशी संयोग होऊन अनेक अणूंचे धनभारी पुंजके बनतात आणि ते मातीच्या ऋण पानांवर जाऊन बसतात. तुरटी आणखी घातली तर जेलीसारखा पांढुरका साका तयार होतो. तो खाली येताना कोळ्याच्या जाळ्यासारखा गाळाला ओढून नेतो. केंद्रांवर पीएसी म्हणून जी द्रव्याची पिंपे किंवा गोण्या येतात, तीही ॲल्युमिनियमचीच; तिच्यात हे पुंजके कारखान्यातच आधी घडवून ठेवलेले असतात.

येथून आम्ही आजच्या मुख्य विषयाकडे येतो. लहान आयनाऐवजी धनभाराची एक लांबच लांब साखळी पाण्यात सोडली तर? अशा साखळ्यांना पॉलिमर म्हणतात. एकाच प्रकारचे हजारो दुवे एकापुढे एक जोडलेले, आणि त्यांतल्या पुष्कळ दुव्यांवर धनभार. मातीच्या पानांवर अशी साखळी येऊन पडली की तिचे अनेक दुवे एकाच वेळी पानाला धरतात. प्रत्येक दुव्याची पकड लहान असते. एखादा सुटला तरी बाकीचे धरून असतात, आणि सुटलेला पुन्हा पकडतो. सारेच एका क्षणी सुटले तरच साखळी निघेल. आणि तसे जवळजवळ कधीच होत नाही. संघटना म्हणजे काय, हे आम्ही तीस वर्षे फाटकावर समजावीत आलो, ते या साखळीने एका वाक्यात सांगितले असे आम्हांला वाटते.

या मिलनात विजेची ओढ असते हे उघड आहे. पण आणखी एक गोष्ट घडते, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. साखळीभोवती तिचे ऋण सोबती असतात आणि पानाभोवती त्याचे धन सोबती. साखळी पानावर टेकली की या सगळ्या लहान आयनांची गरज संपते आणि ते पाण्यात मोकळे होतात. बांधलेले अनेक सुटतात, ही निसर्गाला मानवणारी गोष्ट आहे. विरुद्ध भारांच्या या जोडीला जे बळ येते, त्यात या सुटकेचा वाटा मोठा असतो. पाण्यात मीठ आधीच पुष्कळ असेल तर सुटकेचे मोल घटते आणि पकडही सैल पडते. म्हणून नदीच्या पाण्याला चालणारे औषध कारखान्याच्या खारट सांडपाण्याला तसेच्या तसे चालेल असे नाही.

साखळी कशी बसते, त्यावर पुढचे सारे अवलंबून असते. साखळी आखूड आणि भाराने गच्च भरलेली असेल तर ती पानावर सपाट झोपते. ती पडली तिथे धनभाराचे ठिगळ होते आणि आजूबाजूला ऋणभार तसाच उघडा राहतो. एका पानाचे ठिगळ दुसऱ्याच्या उघड्या जागेवर बसते आणि दोन्ही जुळतात. ग्रेगरी या संशोधकाने १९७३ साली हा ठिगळांचा विचार मांडला. साखळी फार लांब आणि भाराने विरळ असेल तर ती पुरती झोपत नाही. तिची वेटोळी आणि शेपट्या पाण्यात बाहेर लोंबतात, शेजारून जाणाऱ्या कणाला पकडतात आणि दोन कणांमध्ये पूल होतो. रुहरवाईन आणि वॉर्ड यांनी १९५२ साली चिकणमातीवर हाच पूल दाखविला होता. ठिगळांच्या गुठळ्या मोडल्या तर पुन्हा जुळू शकतात. पुलांच्या गुठळ्या बळकट असतात, पण जोराने ढवळून एकदा साखळ्या तुटल्या की पूर्वीसारख्या सांधत नाहीत. यामुळे केंद्रावर औषध मिसळताना आधी क्षणभर जोरात आणि मग बराच वेळ हलके हलके ढवळतात. पिठले ढवळणाऱ्या गृहिणीला यात नवे काही वाटणार नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सामान्य समज असा की थोड्या औषधाने पाणी थोडे निवळते, तर पुष्कळ औषधाने पुष्कळ निवळेल. पॉलिमरच्या बाबतीत हा समज साफ चूक ठरतो. साखळ्या वाजवीपेक्षा अधिक पडल्या की पानाची एकही जागा उघडी राहत नाही. ऋण पान आता सर्वांगी धन होते. शेजारचे पानही धन झालेले असते. मग पुन्हा तीच तेढ! पूर्वी ऋणाची होती, आता धनाची. पूल बांधायलाही उघडी जागा लागते, ती कोणाकडेच नसते. ला मेर आणि हीली यांनी १९६३ साली मांडले की कणाची निम्मी जागा झाकलेली आणि निम्मी उघडी असते, तेव्हा पूल सर्वांत चांगले बांधले जातात. तुरटी थोडी जास्त पडली तर तिचा साका तरी गाळ ओढून नेतो. पॉलिमरला तो आधार नाही. बसत आलेला गाळ पुन्हा तरंगू लागतो आणि पाणी पूर्ववत गढूळ होते. आपल्या पूर्वजांनी "अति तेथे माती" म्हटले. या ठिकाणी ती म्हण अक्षरशः खरी होते, पाण्यात माती परत येते.

या विद्येची मुळे केवळ परदेशी प्रयोगशाळांत नाहीत. निवळीचे बी उगाळून पाणी स्वच्छ करण्याची रीत आपल्या देशात फार जुनी. मनुस्मृतीतही या झाडाचा दाखला येतो, आणि तोही असा की त्याचे नुसते नाव घेतल्याने पाणी निवळत नाही. त्या ग्रंथाविषयी आमचे मत काय आहे, हे महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह ठाऊक असलेल्या श्रोत्यांना सांगायला नको. पण एवढी गोष्ट खरी आहे. गंमत अशी की निवळीच्या बियांतल्या साखळ्या ऋणभारीच असतात. मग त्या ऋण मातीला कशा धरतात? पाण्यातला कॅल्शियम दोघांमध्ये दुभाषा होतो. उलट शेवग्याच्या बियांत धनभारी प्रथिने असतात. ती तर आपल्या आजच्या विषयाची घरगुती आवृत्तीच. सुदानमध्ये नाईलकाठच्या स्त्रिया या बियांच्या भुकटीने नदीचे पाणी निवळीत. समिया अल-अझारिया जान या विदुषीने त्या रीतीचा अभ्यास केला आणि ती जगापुढे आणली. मात्र बियांबरोबर इतर सेंद्रिय द्रव्येही पाण्यात उतरतात, ते पाणी साठवून ठेवले तर नासते. म्हणून मोठ्या शहराला ही रीत पुरी पडत नाही.

आता केंद्रावर चला. वाजवी मात्रा किती, हे कोण ठरवितो? पुस्तक ठरवीत नाही आणि गोणीवर छापलेला आकडाही ठरवीत नाही, कारण नदी रोज निराळी असते. सकाळी एक, दुपारी घाटात पाऊस झाला की संध्याकाळी दुसरी. उन्हाळ्यात कण थोडे म्हणून औषध थोडे पुरेल, असेही नाही. कण विरळ असले की त्यांच्या टकराच कमी होतात. स्मोलुकोव्स्कीने १९१७ साली याचे गणित करून ठेवले आहे. म्हणून मात्रा शोधावी लागते. तिचे साधन अगदी साधे आहे. सहा भांडी ओळीने मांडायची, सर्वांत आजच्या नदीचे पाणी घ्यायचे, प्रत्येकात निरनिराळी मात्रा घालायची. मिनिटभर जोरात ढवळायचे, मग पंधरा-वीस मिनिटे हळू, मग अर्धा तास तसेच ठेवायचे. कोणत्या भांड्यातली गुठळी भरदार, कोणते पाणी नितळ, हे डोळ्यांनी आणि यंत्राने पाहायचे. याला जार टेस्ट म्हणतात. काचेची सहा भांडी आणि ती पाहणारा एक जाणता माणूस, एवढ्यावर लाखो लोकांचे पाणी अवलंबून असते.

हा माणूस कोण असतो? आम्ही पाहिलेल्या एका केंद्राची हकिगत सांगतो. नावाशी आपल्याला कर्तव्य नाही. तेथे सहा भांड्यांचे यंत्र कपाटावर धूळ खात होते, त्याची मोटर जळून दोन पावसाळे झाले होते. मात्रा ठरे ती गोण्यांच्या हिशेबाने: पावसाळ्यात इतक्या, उन्हाळ्यात इतक्या. पाळीवर जो होता तो ठेकेदाराचा माणूस. आज आहे, उद्या नाही. त्याला कोणी शिकविले नव्हते. तरी गुठळ्या पाहून पाहून त्याची नजर तयार झाली होती. एका रात्री पाणी एकाएकी बिघडले. औषध जास्त पडते आहे, कमी करू द्या, असे त्याने वर कळविले. उत्तर आले, "गढूळ आहे ना? मग वाढवा." त्याने वाढविले. सकाळी गावात गढूळ पाणी गेले, आणि घरी बसविला गेला तो हाच माणूस. त्याच्यासाठी आम्ही भांडलो तेव्हा मागण्यांत पगार होता, हजेरी होती आणि तिसरे कलम होते, यंत्राची मोटर दुरुस्त करा. व्यवस्थापनाच्या साहेबांना या तिसऱ्या कलमाचे हसू आले. ते म्हणाले, "हा युनियनचा प्रश्न आहे काय?" आम्ही म्हणालो, "होय. ज्या कामासाठी त्याला जाब विचारता, त्या कामाची साधने मागणे हा त्याचा प्रश्न आहे."

कोणी म्हणेल, पाणी थोडे गढूळ आले तर एवढे काय बिघडते? पुष्कळ बिघडते. रोगजंतू मातीच्या कणांच्या आड दडतात आणि क्लोरीन त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. क्लोरीनचा भाग इतर गाळावरच खर्च होतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात गढूळपणाची स्वीकार्य मर्यादा १ एनटीयू आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ५, ती उगीच नव्हे. पण याच्या उलट टोकाचा भ्रमही तितकाच घातक आहे. डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ या काळात दिल्लीत काविळीची मोठी साथ आली. यमुनेच्या पात्रात उलटलेले सांडपाणी वजीराबादच्या केंद्रात शिरले होते. तुरटी वाढविली, क्लोरीन वाढविला. पटकी, विषमज्वरासारखे रोग आटोक्यात राहिले, परंतु सुमारे २९,००० माणसांना कावीळ झाली. तो विषाणू आज हेपॅटायटिस ई या नावाने ओळखला जातो. तेव्हा निवळ पाणी म्हणजे निर्मळ पाणी, असे समजू नये. साखळी मातीला धरते. पाण्यात विरघळलेल्या विषाला धरीलच असे नाही.

हे वाक्य आपल्या गावांना विशेष लागू आहे. अंबरनाथच्या शिवमंदिराला शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख आहे. त्याच्या पायथ्याशी वालधुनी वाहते आणि पुढे उल्हासनगरातून जाते. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिच्यात टाकलेल्या रसायनाच्या वायूने उल्हासनगरात शेकडो माणसे श्वास कोंडून रुग्णालयात गेली. सांडपाण्याच्या प्रकल्पांतही हेच पॉलिमर वापरतात. त्यांनी गाळ बसतो, काही रंगही उतरतात आणि बाहेर पडणारे पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसते. विरघळलेले क्षार आणि द्रावके त्यात तशीच असू शकतात. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याची बाटली पुढे करून कोणी समाधान मानू लागला, तर त्याला विचारावे, विरघळलेले काय आहे ते मोजले का?

औषधाचाही हिशेब हवा. धनभारी पॉलिमर पाण्यात शिल्लक राहिले तर ते माशांच्या कल्ल्यांना जाऊन चिकटतात, कारण कल्ल्यांचा पृष्ठभागही ऋणभारी असतो, मासा गुदमरतो. पॉलिॲक्रिलामाइड जातीच्या औषधात साखळीत न जोडले गेलेले ॲक्रिलामाइडचे सुटे रेणू थोडे उरतात. साखळी निरुपद्रवी, पण तो सुटा रेणू मज्जातंतूंना विषारी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे अर्धा मायक्रोग्रॅम सांगितली आहे. औषधात दर दहा हजारांत पाच भाग सुटे उरले असतील आणि लिटरला एक मिलिग्रॅम औषध टाकले, तर हिशेब बरोबर त्या मर्यादेवर येतो. दुप्पट टाकले तर मर्यादा ओलांडली. म्हणून कोणत्या जातीचे औषध आले, त्याची शुद्धता किती, हे गोणी उघडणाऱ्याला माहीत पाहिजे. त्याला हातमोजे आणि तोंडावर फडके मिळाले पाहिजे, हे तर वेगळे सांगायला नको. ही भुकटी ओल्या फरशीवर सांडली की इतकी निसरडी होते की पाय घसरून हाड मोडते, हे कामगारांना चांगले ठाऊक आहे.

घरासाठी एवढेच सांगतो. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलेच, तर पंधरा लिटरच्या हंड्याला साधारण हरभऱ्याच्या दाण्याएवढी तुरटी पुरे. फिरवा, ठेवा, वरचे नितळ पाणी हलकेच काढून घ्या आणि मग ते उकळा. तुरटीने निवळले म्हणून उकळणे टाळू नका.

आणि गावासाठी तीन मागण्या. पहिली, प्रत्येक केंद्राच्या दाराशी फळा लावावा. त्यावर आज नदीचा गढूळपणा किती, बाहेर जाणाऱ्या पाण्याचा किती आणि औषधाची मात्रा किती, हे रोज लिहावे. दुसरी, सहा भांड्यांचे यंत्र चालू असावे आणि पावसाळ्यात प्रत्येक पाळीला चाचणी व्हावी. तिसरी, ती चाचणी करणारा माणूस शिकविलेला, कायम नोकरीचा आणि "आता औषध कमी करा" असे सांगितले तर ज्याचे ऐकले जाईल असा असावा. या तिन्हींचा खर्च मोठ्या नळयोजनेच्या मानाने नगण्य आहे. नगरपालिकेच्या सभेत पाण्याच्या लिटरांची चर्चा नेहमी होते. आपण नागरिकांनी या तीन गोष्टींचीही चर्चा तेथे नेली पाहिजे. ही मागणी कामगारांची म्हणून बाजूला पडते. नागरिकांची झाली तर पडणार नाही.

मातीचा कण आणि साखळी यांचे भार विरुद्ध असतात म्हणूनच त्यांचे जुळते. पण जुळते ते प्रमाण सांभाळले तर. ते प्रमाण रोज कोणीतरी रात्रीच्या पाळीत जागून शोधीत असतो. आपल्यापैकी ज्यांना सवड असेल त्यांनी येत्या पावसाळ्यात एकदा परवानगी काढून आपल्या गावच्या केंद्रावर जावे, ती सहा भांडी पाहावीत आणि ती मांडणाऱ्याचे नाव विचारून घ्यावे.